वरची काळी माती

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते कुरडयांचं. साचा तिच्या हातात, दांडी माझ्या हातात. तिच्या बोटांचे सांधे दोन वर्षांपासून धरले होते, म्हणून फिरवायचं काम माझ्याकडे आलेलं. ती साचा गोल नेत जायची आणि मी दांडी फिरवत तिच्यामागं स्लॅबवर उकिडवा सरकत जायचो. बाजेवर धुतलेलं धोतर अंथरलं होतं. चीक गरम होता, साचा हाताला चटके देत होता, आणि ती मला रागावत होती.

"हळू फिरवा जी. डोझर नाई तो."

डोझरचं नाव तिच्या तोंडून निघालं की मला बोलता येत नसे. ते का, हे सांगायलाच लिहायला बसलो आहे. एरवी चौथी शिकलेल्या माणसाला लिहायची काय हौस?

द्रोपदा, माझी बायको. त्या कुरडया वाळायच्या आत ती गेली. त्याला आता वर्ष झालं. कुरडया सुतकाच्या म्हणून गाईला घातल्या. मीही कोणाला अडवलं नाही.

यंदा पुन्हा फागुन सरत आला आहे. गल्लीत भिजल्या गव्हाचा आंबूस वास सुटला आहे. तीन दिवस गहू भिजतो, रोज त्याचं पाणी बदलावं लागतं, मग तो वाटायचा, पिळायचा, गाळायचा, निवळत ठेवायचा, वरचं पाणी काढून खालचा चीक शिजवायचा, तेव्हा कुठं कुरडई. हे मला फार उशिरा कळलं. तोवर नुसत्या खाल्ल्या. समोरच्या स्लॅबवर गिरजाबाई पापड घालते आहे, पलीकडे कोणाच्या शेवया बांबूवर लटकल्या आहेत. आमचा स्लॅब रिकामा. सकाळी वर जातो, बाजेवर बसतो, खाली येतो. काम काही नसतं. गुडघे दुखतात, तरी जातो.

वर बसलं की पंखे दिसतात.

गावाच्या बुडत्या अंगाला, पश्चिमेला, मातीचा डोंगर आहे. तो देवाचा नाही, माणसांनी केलेला आहे. इथं कोळशाची उघडी खाण होती. कोळसा खाली, माती वर. ती माती काढून काढून जिथं टाकली तिथं हा डोंगर झाला. कोळसा संपला तशी खाण बंद झाली, खड्ड्यात पाणी साचलं, आणि काही वर्षांनी डोंगराच्या माथ्यावर विजेच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. नऊ आहेत. पवनचक्की असं गावात कोणी म्हणत नाही, पंखेच म्हणतात. वारा असला की त्यांचा आवाज इथवर येतो. दूर कोणी बसून चादरी झटकत असावं तसा, एकामागून एक, न थांबता. आधी आधी झोप लागायची नाही. आता तो आवाज थांबला की जाग येते.

हे पंखे वाऱ्याकडे तोंड करतात. वारा खाणीकडून गावावर आला की आम्हाला त्यांची पाठ दिसते. गावाकडून तिकडे गेला की तोंड. ही गोष्ट मला कोण्या इंजिनिअरनं नाही सांगितली, द्रोपदानं सांगितली. वाळवणाच्या दिवसांत ती उठल्या उठल्या आधी स्लॅबवर जायची. केस बांधत खाली यायची आणि जाहीर करायची, "आज पाठ करून आहेत. आज नाई टाकत काहीच." तिचं पाहून गल्लीतल्या बाकीच्या बायकाही नाही टाकायच्या. खाणीकडून वारा, तर वाळवण नाही.

मी म्हणायचो, "अवं, खाण बंद होऊन किती वर्षं झाली. तिकडून आता येते काय?"

"वारा येते."

"वाऱ्यानं काय होते?"

"तुमाले काय कळते? तुमी धुतल्या का कधी कुरडया?"

नव्हत्या धुतल्या. तिनं धुतल्या होत्या. खाण चालू होती तेव्हाचा फागुन असा पांढरा नसायचा. दुपारी भोंगा वाजायचा, मग सुरुंग. फळीवरची भांडी खणखणायची, आणि थोड्या वेळानं धूळ यायची. काळी, बारीक, पिठासारखी. आंब्याच्या मोहरावर बसायची, दोरीवरच्या कपड्यांवर, तुळशीवर, लेकराच्या पापण्यांवर. कपडे धुता येतात. कुरडईच्या जाळीत धूळ बसली की निघत नाही. एका वर्षी सगळ्याच्या सगळ्या काळ्या पडल्या. तिनं त्या पाण्यात घातल्या तर त्यांचा पुन्हा चीक झाला, काळा चीक. न्हाणीत बसून ती रडत होती. मी शिफ्टवरून आलो, तीच धूळ अंगावर घेऊन.

"तिथंच थांबा," ती आतून म्हणाली. "अंगण ओलांडू नोका."

मग बादली आणली आणि माझ्या डोक्यावर ओतली, कपड्यांसकट. पाणी काळं वाहत दाराबाहेर गेलं. ते पाहून रडता रडता हसू लागली, "हे पाहा, घरची खाण." तिचा नियम त्या वर्षापासूनचा. खाण बंद झाली, धूळ गेली, नियम राहिला. सगळं गाव त्या नसलेल्या धुळीला भीत राहिलं.

पंखे आले ते दिवस गमतीचे होते. पाती अल्लीपूरकडच्या रस्त्यानं आली, एका ट्रकवर एकच पातं, इतकं लांब की पुढचं टोक वळणापलीकडे गेलं तरी मागचं टोक आमच्यासमोरच. मागंपुढं माणसं शिट्ट्या वाजवत चालत होती. चिंचेच्या दोन फांद्या कापाव्या लागल्या. लोक म्हणत होते की हे पंखे ढग हाकलून लावतात, आता आपल्याकडे पाणी पडणार नाही.

"ढग काय कोंबड्या आहेत का बापा, हाकलाले?" द्रोपदा म्हणाली. सगळे हसले. मग मला हळूच विचारते, "पण याहीले फिरवाले एवढी लाइन कुठून आणतीन जी?"

मी सांगितलं की हे घरच्या पंख्यासारखे लाइनवर चालत नाहीत, वाऱ्यावर चालतात आणि लाइन देतात.

"वारा खातेत म्हना की. मंग आपल्याले कमी नाई पडणार?"



त्याआधी, पाया घालायच्या वेळी एक साहेब घरी आला होता. हा डोंगर रचणाऱ्यांपैकी गावात आता मी आणि आणखी एक असे दोघंच उरलो होतो, कोणीतरी माझं नाव सांगितलं. टाकलेली माती वर्षानुवर्षं खाली बसत राहते, तिच्यावर एवढं जड काही उभं करायचं तर भीतीच. साहेब म्हणाला, "काका, अंदाजे किती बसली असेल?"

"साहेब," मी म्हटलं, "तिच्याआधी माणूस बसते."

तो हसला. मग त्यांनी पार मूळ जमिनीला लागेपर्यंत खांब उतरवले. त्या दिवशी द्रोपदा चहा घेऊन बाहेर आली आणि कप देता देता म्हणाली, "साहेब, खाली जाता जाता एखादं वावर लागलं का?"

साहेबाला काही कळलं नाही. मला कळलं. मी कपात पाहत राहिलो.

तिच्या बापाचं वावर त्या बाजूला होतं. गणपतबुढा म्हणत त्याला. बायको लवकर गेलेली, ही एकच लेक, भाऊ नाही, बहीण नाही. बुढा गेला, त्याचं मातीचं घर दोन पावसाळ्यांत बसलं, आणि माहेर म्हणून तिला उरलं ते चार एकर वावर, त्यातली विहीर आणि बांधावरचं बोरीचं झाड. आम्हीच ते वाहत-पेरत होतो. हरभरा भरात आला की ती वावरातच काटक्या पेटवायची, घाटे भाजायची आणि हात काळे करून खायची. मला म्हणायची, "बसा. माहेरी आले तुमी, पाहुणे आहा." मी पाहुण्यासारखा बसायचो. ती एका एका घाट्याचे दाणे काढून माझ्या हातावर द्यायची.

खाणीत वावर गेलं की घरातल्या एकाला नोकरी, असं होतं. वावर तिच्या नावावर, नोकरी माझ्या नावावर. मी बरंच बोललो. पगार कायम, पोरगी शिकेल, पक्कं घर होईल, कोरडवाहूत काय ठेवलं आहे. खोटं काहीच नव्हतं त्यात; पोरगी शिकली, घर झालं, हा स्लॅब त्याच पगाराचा. ती एवढंच म्हणाली, "तुमाले पाह्यजे असन तं घ्या." आणि अंगठा दिला. शाई पुसायला मी माझा रुमाल दिला.

खाण तिच्या वावरापर्यंत पोचायला वर्षं लागली. तोवर मी डोझर शिकलो होतो. चांगला चालवायचो. साहेब लोक सांगायचे, वरची माती काढायची तर याला लावा.

ते काम नाजूक असतं. नांगराला, पेरणीला लागते ती वरची काळी माती आधी अलगद खरडून वेगळ्या ढिगात ठेवायची. तिच्याखालचा मुरूम, पिवळी माती, दगड, ते सगळं डोंगरावर जातं. शेवटी खाण बंद करताना ठेवलेली काळी माती डोंगराच्या माथ्यावर पसरायची, म्हणजे तिच्यावर झाडं लागतात. असा नियम आहे. गावाला तो माहीत नव्हता. गावानं फक्त डोंगर वाढताना पाहिला आणि आपली वावरं त्याच्याखाली दबली असं धरलं.

असाच फागुन होता. सकाळची शिफ्ट. सांगितलं तिथं गाडी नेली तर समोर बुढ्याच्या बांधावरची बोर. मी इंजिन बंद करून खाली उतरलो.

मुकादम बाहेरचा होता. "क्या हुआ?"

"ये मेरे ससुर का खेत है."

"था," तो म्हणाला. "चलो, शिफ्ट निकल रही है."

वाईट माणूस नव्हता तो. मी नाही म्हटलं असतं तर त्यानं दुसऱ्याला लावलं असतं, मला दुसरीकडे पाठवलं असतं, एवढंच. मी नाही म्हटलं नाही. वर चढलो. बोर पहिल्या धक्क्यात आडवी झाली. हरभऱ्याची खोडकं अजून उभी होती. काळी माती दुधावरच्या सायीसारखी गोळा होत गेली. चार एकर, दुपार व्हायच्या आत. आणि हे लिहायला जड जातं, पण ते काम मी मन लावून केलं. ब्लेड कुठं खोल जाऊ दिलं नाही, पिवळी माती मिसळू दिली नाही. शेजारच्या गाडीवर देवराव होता, गावचाच. त्यानं सगळं पाहिलं. बिडी पेटवली आणि तोंड फिरवलं.

संध्याकाळी मी अंगणात पाय धूत होतो. द्रोपदा तांब्यातून पाणी ओतत होती.

"आपल्या वावराले आज हात लागला म्हंतेत."

"लागला."

"मशीनवर कोण होता?"

"बाहेरचा होता एक."

ती थोडा वेळ पाणीच ओतत राहिली. पाय केव्हाच धुऊन झाले होते. मग म्हणाली, "बरं झालं. त्याले काय माहीत बिचाऱ्याले. ओळखीचा असता तं त्याच्या हातचं पाणी नसतं पेली मी कधी."

झालं. तिथं माझं तोंड बंद झालं ते झालंच.

पुढं कितीदा वाटलं, आता सांगावं. लेक सासरी गेली त्या दिवशी घर रिकामं झालं, तेव्हा वाटलं. तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी होती, तोंड दिसत नव्हतं, तेव्हा सोपं होतं. नाही सांगितलं. माणूस एखादी गोष्ट एक दिवस लपवतो, मग तो एक दिवसच सांगण्यासारखा राहत नाही, रोजचं लपवणंही सांगावं लागतं. दरवर्षी फागुनात हे ओझं थोडं वाढायचं. खाण बंद करताना काळी माती पसरायचं कामही माझ्याकडेच आलं. मी तिच्या वावराचा ढीग ओळखून होतो. तो बुडत्या काठाला पसरला, जिथं आता सातवा पंखा आहे. त्यात शेजाऱ्यांचीही माती मिसळली असेल, ढिगाला सातबारा नसतो. पण ती तिथं आहे, एवढं पक्कं.

आणि ती इथं, या स्लॅबवरून, डोंगराच्या पायथ्याकडे बोट करायची. "माह्यं माहेर त्याच्या बुडाशी आहे." माहेर तर सगळ्यांत वर होतं. उन्हात, पाण्यात, वाऱ्यात. सांगितलं असतं तर तिचा पहिला सवाल हाच असता, तुमाले कसं माहीत?

पंख्यांसाठी डोंगरावर रस्ता झाला तशी ती मागंच लागली.

"लोक जाऊन जाऊन फोटो काढून राह्यले. मले काऊन नाई नेत?"

"तुह्ये गुडघे दुखतीन."

"गुडघे तुमचे दुखतेत. माह्ये बोटं दुखतेत. बोटानं चढाचं आहे का मले?"

"नेतो, नेतो. ऊन उतरू दे."

ऊन उतरायचं, पाऊस यायचा, चिखल व्हायचा, थंडी यायची. मी नेत नव्हतो. तिथं उभी राहिली असती, पायाखाली पाहिलं असतं, आणि बापाची माती तिनं ओळखली असती, अशी मला भीती होती. ओळखता येते का माती? मला नाही माहीत. तिला आली असती.

कुरडयांच्या त्या शेवटच्या दिवशीही पंख्यांनी पाठच केली होती. पण चीक शिजून तयार होता, थांबला असता तर वाया गेला असता. ती भांडं घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली.

"टाकू का नोको?"

"टाक," मी म्हटलं. "माह्या जबाबदारीवर टाक."

तिनं माझ्याकडे नवल करून पाहिलं. असं मी कधी बोलत नव्हतो. टाकल्या. साचा ओढत, मला रागावत, दोन तास लागले आम्हाला. मग सावलीला बसलो. थोड्या वेळानं ती उठली, एका कुरडईवरून बोट फिरवलं, बोट उन्हात धरून पाहिलं, नाकाशी नेलं.

"पांढऱ्याच राह्यल्या जी."

"मंग?"

"म्हंजे उगीचच भेलो आपण इतके वर्षं."

"उगीचच."

इतकी खूश तिला मी नातू झाल्यावर पाहिली होती, त्यानंतर तेव्हाच. सगळ्या गल्लीला सांगते म्हणाली. मग बाजेच्या कडेला टेकली आणि पंख्यांकडे पाहत बसली.

"ऐकता का जी. माह्या बापाचं वावर किती खोल असन त्याच्याखाली?"

हीच वेळ होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. ती खुशीत होती. तिनं स्वतःच विचारलं होतं. याहून सोपी वेळ देवानंही दिली नसती.

"असन पन्नास-साठ हात," मी म्हटलं.

"इतकं?"

"कमी-जास्त."

तिनं कपाळावर हात धरला. "पाणी आना. गरगरून राह्यलं." मी तांब्या आणला. तिनं तो माझ्या हातातून घेतला, दोन घोट प्यायली आणि खाली ठेवायच्या आत कलंडली.

शेवटचं पाणी तिनं त्याच माणसाच्या हातचं प्यायलं. तिला माहीत नव्हतं.

शेजाऱ्याची गाडी होती. सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं झालं होतं. डॉक्टरीणबाईनं मनगट धरलं आणि हळूच सोडलं. काहीतरी बोलली असेल, मला ऐकू आलं नाही. परत येताना दिवस बुडत होता. वारा पडला होता, नऊच्या नऊ पंखे उभे होते. दिवाबत्तीला पिपरी मेघेहून लेक, सुनिता, आणि जावई आले. पाहुणे यायचे होते म्हणून मातीचं सकाळवर ठेवलं. त्या रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. बसलो होतो.

सकाळी बायकांनी तिला आंघोळ घातली. सवाष्ण गेली की आमच्याकडे शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, आणि ओटीही माहेरच्याच माणसानं आणलेली. गिरजाबाई बाहेर ओट्यावर आली, पदर तोंडाला लावून.

"भाऊजी, माहेराकडचं कोण येऊन राह्यलं?"

मी काही बोलायच्या आत सुनिता म्हणाली, "आईले माहेर कुठी होतं मावशी? आजोबा गेले तवाच संपलं ते."

"मंग कसं करावं? तसंच न्याचं का बाईले? माह्याकडचं नवं लुगडं आहे, हिरवं. ते नेसवतो आम्ही, पण ओटी?"

मी उठलो. खुंटीवरची तिची बाजाराची पिशवी घेतली, न्हाणीपाशी खुरपं होतं ते घेतलं.

"लुगडं तुमचं नेसवा," मी म्हटलं. "ओटीचं मी आणतो."

"कुठून भाऊजी?"

"तिच्या माहेरून."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बुढ्याचं डोकं फिरलं, असं कोणी तरी म्हणालं, ते मी ऐकलं. जावई मागं यायला निघाला, त्याला बस म्हटलं. डोंगराच्या पायथ्याशी फाटक आहे, साखळी लावलेली. आता तिथं देवराव चौकीदार आहे, तोच, तेव्हा शेजारच्या गाडीवर होता तो. त्याला गावातली खबर लागली होती. मला पाहून उभा राहिला.

"भाऊ, तुमी इथं? घरी सोडून?"

"साखळी काढ."

"वहीत लिहा लागते भाऊ, कोणाकडे काम आहे ते. साहेब विचारतेत."

"लिही, सासुरवाडीले चाललो म्हून."

त्यानं माझ्या हातातलं खुरपं पाहिलं, पिशवी पाहिली. वहीला हात लावला नाही. साखळी काढली आणि एवढंच विचारलं, "सातव्यापाशी ना?"

"सातव्यापाशी."

चढ लांब आहे. दोनदा बसलो. वर पोचलो तेव्हा ऊन लागायला लागलं होतं. जवळून ते पंखे फार मोठे दिसतात, मान वर केली की भोवळ येते. मी वर पाहिलं नाही. सातव्याच्या चौथऱ्यापासून थोडं दूर माती काळी आहे, भेगाळलेली. तिथं बोरीची झुडपं उगवली आहेत. ती तिच्या बापाच्या बोरीची, असं म्हणणार नाही. पाखरं बिया कुठूनही आणतात. वरची वाळली खपली बाजूला केली, खालची ओलसर माती काढली, ढेकळं हातानं फोडली, खडे वेचले. पिशवी अर्धी भरली. उशीर होत होता हे कळत होतं.

परत आलो तर तिरडी बांधून झाली होती, लोक अंगणात उभे होते, कोणी कोणी घड्याळ पाहत होते. आत तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं. मी पिशवी गिरजाबाईपुढं ठेवली. तिनं उघडून पाहिली.

"ही तं माती आहे. कुठची?"

"गणपतबुढ्याच्या वावरातली."

"ते वावर तं डोंगराखाली गेलं, भाऊजी. पन्नास हात खाली."

"खाली नाई. वर आहे. वरची काळी माती वरच टाकतेत. मीच खरडली, मीच वर नेऊन पसरली. वावरावर मशीन फिरली तवा मशीनवर बाहेरचा कोणी नव्हता. मीच होतो. तिले खोटं सांगतलं."

दारातली माणसंही आत पाहू लागली. सुनिता माझ्याकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा मला वाचता येत नव्हता. आईसारखा झाला होता तो.

मी खाली बसलो आणि पिशवीत दोन्ही हात घातले.

"पुरुषाच्या हातानं ओटी भरत नाई जी," गिरजाबाई हळूच म्हणाली.

सुनितानं आईचा पदर दोन्ही हातांनी धरून पसरला. "भरू द्या मावशी."

मी पाच ओंजळी माती घातली. थोडी बाहेर सांडली. ती फरशीवरून बोटांनी गोळा केली आणि तीही पदरात टाकली. मग सुनितानं गाठ मारली, आणि आम्ही तिला उचललं.